मसल कार, घडीच्या टपाची

मध्यम आकाराच्या मोटारगाडीत मोठ्या घनफळाचे आठ सिलिंडरांचे एंजिन बसवून, बेताच्या मिळकतीच्या ग्राहकालाही परवडेल अशा किंमतीत तयार केलेल्या वेगवान अमेरिकन गाडीला मसल कार असे म्हणतात. मसल म्हणजे स्नायू. सुखसोयी किंवा वळणांवरील चपळाई यांपेक्षा सरळ रस्त्यावर अल्पावधीत वेग घेण्याच्या बळावर या गाड्यांचा भर असल्याने हे नाव पडले व ते प्रत्यक्ष गाड्यांच्या मागून सर्वत्र रूढ झाले. ज्या गाडीचा टप कापडी असून तो दुमडून मागील बैठकीच्या पाठीशी ठेवता येतो, तिला कन्व्हर्टिबल म्हणजे घडीच्या टपाची गाडी म्हणतात. हे दोन्ही गुण एकत्र असलेल्या गाड्यांचे उत्पादन मुख्यतः १९६४ ते १९७२ एवढ्याच काळात झाले. अशा जुन्या गाड्या खोलून, दुरुस्त करून व मूळ रूपात आणून विकण्याचा व्यवसाय अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत चांगलाच स्थिरावलेला आहे. या व्यवसायात गाडीची किंमत तिच्या उपयुक्ततेवरून ठरत नाही, तर ती मुळात कोणती गाडी होती हे किती सिद्ध करता येते यावरून ठरते. प्रस्तुत नोंदीत याच बाजूचा अधिक विचार केला आहे.

इतिहास : मोठे एंजिन व हलकी गाडी ही कल्पना १९६४ पूर्वीची आहे. ओल्ड्समोबील रॉकेट ८८ (१९४९) आणि ३०० अश्वशक्तीची क्रायस्लर सी-३०० (१९५५) या गाड्या पूर्वसूरी म्हणून सांगितल्या जातात. मात्र क्रायस्लरची गाडी महाग होती. मसल कारचा खरा आरंभ पाँटिअॅक जीटीओ या गाडीपासून मानतात. जनरल मोटर्स या कंपनीने १९६३ च्या आरंभी आपल्या सर्व विभागांना शर्यतींतून अंग काढून घेण्यास सांगितले. मध्यम आकाराच्या गाड्यांत ३३० घ. इंचांहून (सु. ५.४ लि.) मोठे एंजिन घालू नये असाही कंपनीचा दंडक होता. पाँटिअॅक विभागाचे मुख्य अभियंते जॉन डीलोरिअन व त्यांचे सहकारी बिल कॉलिन्स आणि रस गी यांनी यातून वाट काढली. त्यांनी नवी गाडी जाहीर न करता टेंपेस्ट मालिकेतील ल मान्स या गाडीसाठी जादा पैसे देऊन घ्यावयाचा एक संच देऊ केला. त्यात पाँटिअॅकच्या मोठ्या गाडीतील ३८९ घ. इंचांचे (सु. ६.४ लि.) एंजिन होते. दंडक गाडीच्या मूळ नमुन्याला लागू होता, वैकल्पिक संचाला नव्हता, असा हा युक्तिवाद. संचाची किंमत ३०० डॉलरहून किंचित कमी होती. चार मुखांचा एक कार्बुरेटर असल्यास ३२५ आणि दोन मुखांचे तीन कार्बुरेटर असल्यास ३४८ अश्वशक्ती मिळे. जीटीओ हे नाव फेरारी कंपनीच्या शर्यतीच्या गाडीवरून उचललेले होते व त्याबद्दल जाणकारांनी नाके मुरडली. ग्राहकांनी मात्र तिकडे लक्ष दिले नाही. विक्री विभागाने आरंभी ५,००० गाड्यांचीच तयारी दाखविली होती. पहिल्याच वर्षी ३२,४५० गाड्या खपल्या व त्यांपैकी ६,६४४ घडीच्या टपाच्या होत्या. १९६६ मध्ये हा खप ९६,९४६ पर्यंत चढला, त्यात घडीच्या टपाच्या १२,७९८ होत्या.

या यशानंतर इतर उत्पादक मागे राहिले नाहीत. शेव्हरोलेटने शेव्हेल एसएस ३९६, ओल्ड्समोबीलने ४४२, ब्युइकने ग्रॅन स्पोर्ट आणि क्रायस्लरने अर्धगोलाकार ज्वलन कोठ्यांचे ४२६ घ. इंचांचे (सु. ७ लि.) ‘हेमी’ एंजिन (१९६६) बाजारात आणले. फोर्डची मस्टँग (१९६४) व तिच्या धर्तीच्या लहान गाड्यांना काटेकोरपणे पोनी कार म्हणतात. परंतु मोठे एंजिन घातले, की त्यांची गणना सामान्यतः मसल कारमध्येच होते. जनरल मोटर्सने १९७० मध्ये एंजिनाच्या आकारावरील बंधन उठविल्यावर स्पर्धा शिगेला पोचली. त्या वर्षीच्या शेव्हेलमधील ४५४ घ. इंचांचे (सु. ७.४ लि.) एलएस-६ हे एंजिन ४५० अश्वशक्तीचे होते. हे आकडे वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. १९७१ पर्यंतची अश्वशक्ती एंजिन चाचणी-मंचावर, हवेची गाळणी, पंखा, गाडीतील निष्कास नळ्या इ. वगळून मोजलेली असे. १९७२ पासून ती सर्व साहित्यानिशी मोजून जाहीर होऊ लागली व आकडे एकदम खाली आले. त्यातील काही घट खरी होती, तर काही केवळ मोजण्याच्या पद्धतीतील होती.

खरी घट होण्यास अनेक कारणे होती. हवा-शुद्धतेचा १९७० चा संघीय कायदा, त्यासाठी १९७१ मध्ये कमी केलेले संपीडन गुणोत्तर, तरुण चालकांवर विमा कंपन्यांनी लादलेले भारी हप्ते आणि ऑक्टोबर १९७३ मधील तेलबंदी यांमुळे हा प्रकार मावळला. घडीच्या टपाच्या गाड्या तर त्याही आधी कमी होऊ लागल्या होत्या. वातानुकूलन स्वस्त झाल्याने उघड्या गाडीचे आकर्षण ओसरले. गाडी उलटल्यास छप्पर किती बळकट असावे याविषयी कडक नियम येणार, अशी उत्पादकांची अपेक्षा होती. जीटीओ, बाराकुडा व चॅलेंजर यांच्या घडीच्या टपाच्या आवृत्त्या १९७१ मध्ये, शेव्हेलची १९७२ मध्ये व मस्टँगची १९७३ मध्ये बंद झाली. १९७६ ची कॅडिलॅक एल्डोराडो ही ‘शेवटची अमेरिकन कन्व्हर्टिबल’ म्हणून गाजावाजा करून विकण्यात आली व अनेकांनी ती गुंतवणूक म्हणून घेऊन ठेवली. पण १९८२ मध्ये क्रायस्लरने असा टप पुन्हा सुरू केला व पाठोपाठ इतरांनीही तो आणला. दुर्मिळता ही उत्पादकाच्या मर्जीवर अवलंबून नसेल तेव्हाच टिकते, हे या खरेदीदारांना महागात पडून कळले. १९६४–७२ मधील गाड्यांच्या बाबतीत ही भीती नाही.

सांगाडा व टप : बंद गाडीत पोलादी छप्पर हे केवळ आच्छादन नसून पेटीच्या झाकणासारखे सर्व बाजूंना ताठ धरून ठेवणारे अंग असते. ते काढले, की गाडी खड्ड्यातून जाताना पिळवटते, दारे कुरकुरतात आणि पुढील काचेची चौकट थरथरते. म्हणून घडीच्या टपाच्या गाडीला खालून बळकटी द्यावी लागते. जनरल मोटर्सच्या मध्यम गाड्यांत कवच वेगळ्या सांगाड्यावर बोल्टांनी बसविलेले असे. बंद गाडीच्या सांगाड्याच्या बाजूच्या तुळया एका अंगाने उघड्या पन्हळीसारख्या असत, तर घडीच्या टपाच्या गाडीत त्या चारही बाजूंनी बंद केलेल्या असत. क्रायस्लर व मस्टँग यांच्या गाड्यांत स्वतंत्र सांगाडा नसल्याने दाराखालच्या पट्ट्यांत व तळात जादा पत्रे वितळजोडाने बसवीत. १९६७–६९ मधील शेव्हरोलेट कॅमेरो व पाँटिअॅक फायरबर्ड यांच्या अशा आवृत्त्यांत चार कोपऱ्यांत एकेक बंद डबा बसविलेला असे. डब्यात स्प्रिंगवर तोललेले जड वजन व तेल असून ते कवचाच्या कंपनाच्या उलट हलून कंप शोषून घेई. पुढच्या मालकांनी हे डबे निरुपयोगी समजून काढून टाकल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. या सर्व बळकटीमुळे गाडीचे वजन वाढते; म्हणजे निव्वळ वेगाच्या दृष्टीने पाहता घडीच्या टपाची मसल कार ही तिच्या बंद भावंडापेक्षा किंचित मंदच असते.

टपाचे कापड व्हिनिल-लेपित असून ते पोलादी कमानींच्या सांगाडीवर ताणलेले असते. मागील बैठकीच्या पाठीमागे विजेवर चालणारा एक पंप असतो. तो दोन बाजूंच्या नळकांड्यांत तेल दाबतो व त्यांतील दट्ट्यांच्या दांड्या टप उचलतात किंवा पाडतात. मोटर उलट फिरविली, की क्रिया उलट होते. दट्ट्यांची रबरी कडी झिजल्यास तेल बैठकींवर गळते. मागील खिडकी लवचिक प्लॅस्टिकची असल्यास ती काही वर्षांत पिवळी पडते. टप ओला असताना दुमडला, तर कापडाला बुरशी लागते. टप ज्या खोलगट जागेत विसावतो तेथील पाणी वाहून जाण्याची भोके पाचोळ्याने बुजली, की पाणी साचून तेथूनच गंज सुरू होतो. बंद गाडीपेक्षा घडीच्या टपाची गाडी तळातून लवकर सडते ती याच कारणाने.

पुनर्निर्मिती : संपूर्ण पुनर्निर्मितीत गाडीचा प्रत्येक भाग सुटा करण्यात येतो. कवच सांगाड्यावरून उचलण्यापूर्वी किंवा तळाचा कुजलेला पत्रा कापण्यापूर्वी दारांच्या चौकटींत लोखंडी आडवे दांडे तात्पुरते जोडावे लागतात. बंद गाडीत ही चूक कदाचित खपून जाते. छपराविना उभे असलेले कवच मात्र मध्यभागी खाली वाकते व नवीन पत्रा त्याच वाकलेल्या स्थितीत कायमचा जोडला जातो. अशा गाडीचे दार वरच्या अंगाला घट्ट व खालच्या अंगाला सैल बसते. कितीही चकचकीत रंग दिला, तरी हा दोष लपत नाही. म्हणून जाणता खरेदीदार रंगाआधी दारांच्या फटी पाहतो.

जुना रंग वाळू किंवा तत्सम कणांच्या झोताने अथवा रासायनिक द्रव्यांनी काढतात. सपाट मोठ्या पत्र्यावर वाळूचा झोत जोरात मारल्यास पत्रा तापून लाटांसारखा होतो, त्यामुळे तेथे सौम्य कण वापरतात. तळ, सामानाचा कप्पा, मागील चाकांवरचे पत्रे हे भाग नव्याने तयार केलेले मिळतात. काही लोकप्रिय नमुन्यांची तर संपूर्ण कवचेही नवीन पत्र्यातून बनवून मिळतात. सोय म्हणून ही गोष्ट चांगली असली, तरी यातून पुढे सांगितलेल्या फसवणुकीलाही वाव मिळाला आहे. मूळ रंग जनरल मोटर्सच्या गाड्यांत ॲक्रिलिक लॅकर, तर फोर्ड व क्रायस्लर यांच्या गाड्यांत एनॅमल प्रकारचा असे. आता बहुधा रंगाचा थर व त्यावर पारदर्शक थर अशी आधुनिक पद्धत वापरतात. परिणामी पुनर्निर्मित गाडी कारखान्यातून बाहेर पडताना होती त्याहून कितीतरी अधिक तुकतुकीत दिसते. कारखान्यातील काम घाईचे होते. रंगाचे ओघळ, सांध्यांतील ओबडधोबड मलम, तपासनिसांच्या खडूच्या खुणा हे त्याचे स्वाभाविक अंश होत. काटेकोर प्रदर्शनांत मुळाहून सरस काम केल्याबद्दल गुण कापतात, हे ऐकून नवख्यास आश्चर्य वाटते, पण त्यामागील तर्क योग्यच आहे.

एंजिनाच्या बाबतीत सिलिंडर झिजलेले असल्यास ते कातून मोठे करतात व मोठ्या मापाचे दट्ट्ये घालतात. १९६४ च्या जीटीओचे संपीडन गुणोत्तर १०.७५ : १ होते व त्या काळच्या शिसेयुक्त उच्च ऑक्टेन अंकाच्या पेट्रोलवर ते बिनबोभाट चाले. अमेरिकेत रस्त्यावरील वाहनांसाठी शिसेयुक्त पेट्रोलची विक्री १ जानेवारी १९९६ पासून बंद झाली. शिसे झडपांच्या आसनांवर संरक्षक थराचे काम करी. त्याच्या अभावी निष्कास झडपांची बिडाची आसने लवकर झिजतात, म्हणून तेथे कठीण पोलादाची कडी बसवितात. गुणोत्तरही काहीसे उतरवावे लागते, नाहीतर एंजिन ठोके देते. पेट्रोलमध्ये मिसळलेल्या एथेनॉलमुळे जुन्या रबरी नळ्या मऊ पडून तडकतात. त्या बदलणे हा शोभेचा नव्हे, तर आगीपासून बचावाचा प्रश्न आहे. गतिरोधकांकडेही लक्ष द्यावे लागते. आरंभीच्या जीटीओला चारही चाकांवर लहान पिंपी गतिरोधक होते व सु. दीड टन वजनाची गाडी वेगातून वारंवार थांबवण्यास ते अपुरे होते, अशी त्या काळीही तक्रार होती. पुढील चाकांना तबकडी गतिरोधक लावले असता गाडी सुरक्षित होते, पण मूळची राहत नाही. मालकाने गाडी चालवावयाची आहे की प्रदर्शनात ठेवावयाची आहे यावर हा निर्णय अवलंबून असतो.

अस्सलपणाची ओळख : जीटीओ मुळात ल मान्स या गाडीचाच वैकल्पिक संच होता, हे वर आलेच आहे. याचा एक दूरगामी परिणाम झाला. १९६५ च्या जीटीओचा अनुक्रमांक ल मान्सप्रमाणेच २३७ या अंकांनी सुरू होतो. म्हणजे क्रमांकावरून ती जीटीओ आहे की नाही हे कळत नाही. १९६६ मध्ये जीटीओला स्वतंत्र मालिका मिळाली आणि तिचा क्रमांक २४२ ने सुरू होऊ लागला. त्यामुळे साध्या ल मान्सला जीटीओची चिन्हे, पुढची जाळी व मोठे एंजिन लावून तयार केलेली नक्कल १९६६ पासूनच्या गाडीत अनुक्रमांकावरून तत्काळ उघडी पडते, त्याआधीच्या गाडीत पडत नाही. शेव्हेलमध्ये नेमके उलटे घडले. १९६६ ते १९६८ पर्यंत एसएस ३९६ ची स्वतंत्र मालिका (१३८) होती. १९६९ पासून एसएस हा केवळ वैकल्पिक संच झाला व क्रमांकावरून ओळख पटेनाशी झाली. क्रायस्लरच्या क्रमांकात एंजिनाचेही अक्षर असते. बीएस२७आर१बी असा आरंभ असल्यास ती बाराकुडा वर्गातील (बी), विशेष श्रेणीची (एस), घडीच्या टपाची (२७), ४२६ हेमी एंजिनाची (आर), १९७१ ची (१) व हॅमट्रॅमक येथील कारखान्यात बनलेली (बी) गाडी होय.

दुसरा पुरावा धातूवरील ठशांचा असतो. जनरल मोटर्सच्या गाड्यांत १९६८ पासून एंजिनावर व दंतचक्रपेटीवर गाडीच्या अनुक्रमांकाचा काही भाग ठसवीत. तो गाडीच्या क्रमांकाशी जुळला, तर गाडी ‘जुळत्या क्रमांकांची’ म्हणतात व तिला चढा भाव येतो. त्यापूर्वीच्या पाँटिअॅक एंजिनांवर गाडीचा क्रमांक नसून एंजिनाचा स्वतंत्र क्रमांक व प्रकारदर्शक अक्षरे असत. अशा वेळी ओतीव भागांवरील दिनांक पाहतात : ठोकळा ओतल्याचा दिनांक एंजिन जुळविण्याच्या आधीचा, तो गाडी तयार होण्याच्या आधीचा, असा क्रम लागला पाहिजे. मात्र ठसे घासून पुन्हा उठवता येतात. मूळ कारखान्यात ठोकळ्याचा माथा विशिष्ट यंत्राने सपाट केल्याच्या बारीक समांतर रेघा ठशाभोवती असतात. त्या नाहीशा झालेल्या दिसल्या, की जाणकारास संशय येतो. एंजिन प्रामाणिकपणे पुन्हा कातले तेव्हाही या रेघा जाऊ शकतात, ही अडचण आहे. चांगल्या हेतूने केलेली दुरुस्ती व लबाडी यांच्या खुणा कधीकधी सारख्याच असतात.

म्हणून कागदपत्रांना महत्त्व आले. पाँटिअॅकच्या गाड्यांची मूळ कारखाना-बिले जतन झालेली असून त्यांच्या प्रती पाँटिअॅक हिस्टॉरिक सर्व्हिसेस ही संस्था शुल्क घेऊन देते. जीटीओच्या खरेदीत हाच निर्णायक पुरावा मानतात. शेव्हरोलेटच्या अशा गाडीवार नोंदी सर्वसाधारणपणे मिळत नाहीत. कॅनडात विकलेल्या गाड्या याला अपवाद आहेत. त्यामुळे जुळणीच्या वेळी कामगारांसाठी छापलेला व बैठकीच्या स्प्रिंगांत किंवा पेट्रोलच्या टाकीवर विसरून राहिलेला कागद सापडला, तर तो सोन्याच्या मोलाचा ठरतो. अनुक्रमांकाची पट्टी काढणे वा बदलणे हा १९८४ च्या कायद्यानुसार अमेरिकेत संघीय गुन्हा आहे. नक्कल करणे मात्र गुन्हा नाही, ती अस्सल म्हणून विकणे ही फसवणूक होय. ‘नक्कल’ असे स्पष्ट लिहून विकलेल्या गाडीत वावगे काहीच नाही. तीही चालवण्यास तितकीच आनंददायक असते व बरीच स्वस्त पडते. धोका तेव्हा असतो, जेव्हा दोन-तीन मालक बदलताना ते स्पष्टीकरण गळून पडते.

विक्री व किंमत : विक्री खाजगी रीत्या, व्यापाऱ्यांमार्फत किंवा लिलावात होते. बॅरेट-जॅक्सन व मीकम ही मोठी लिलावगृहे आहेत. लिलावात किमान किंमत राखून ठेवलेली असते अथवा नसते. बोलीवर खरेदीदाराला सु. १० टक्के शुल्क पडते आणि गाडी ‘आहे त्या स्थितीत’ घ्यावी लागते. म्हणजेच आधी तपासणी न केल्याचा तोटा पूर्णपणे खरेदीदाराचा. गाडी उचलून तळ पाहणे, टप निदान दोनदा उघडून मिटणे, थंड एंजिन सुरू करणे आणि मालकीचा दाखला क्रमांकाशी ताडून पाहणे या गोष्टी टाळू नयेत.

किंमतीतील तफावत केवढी असू शकते, याचे टोकाचे उदाहरण प्लिमथ हेमी कुडा हे आहे. १९७१ मध्ये या गाडीच्या घडीच्या टपाच्या अवघ्या ११ गाड्या बनल्या, कारण महाग एंजिन, विम्याचा हप्ता व उघडा टप हे तिन्ही पत्करणारे ग्राहकच फारसे नव्हते. त्यांपैकी एक २०१४ मध्ये सीॲटल येथील लिलावात ३५ लाख डॉलरना गेली. त्या काळी विक्रेत्याकडे न खपलेली वस्तू पुढे सर्वांत मौल्यवान ठरली. जीटीओच्या ‘जज’ या आवृत्तीच्या घडीच्या टपाच्या गाड्या १९६९ मध्ये १०८, १९७० मध्ये १६८ व १९७१ मध्ये फक्त १७ बनल्या व त्यांनाही असाच मान आहे. परंतु बाजारात येणाऱ्या बहुसंख्य गाड्या अशा नसतात. साध्या नमुन्याच्या संपूर्ण पुनर्निर्मितीस लागणारा खर्च पुष्कळदा तिच्या विक्रीतून भरून निघत नाही, म्हणून दुसऱ्याने पूर्ण केलेली गाडी घेणे आर्थिक दृष्ट्या सोयीचे पडते. मात्र अशा वेळी कामाची छायाचित्रे व पावत्या मागाव्यात. रंगाखाली काय आहे हे नंतर पाहता येत नाही. अलीकडे न दुरुस्त केलेल्या, मूळ रंगाच्या, चांगल्या राहिलेल्या गाड्यांना पुनर्निर्मित गाड्यांहून अधिक मान मिळू लागला आहे.

भारतात या गाड्या फारशा आल्या नाहीत. जनरल मोटर्सचा मुंबईतील शिवडी येथील जुळणी कारखाना १९२८ मध्ये सुरू होऊन १९५४ मध्ये बंद झाला. त्यामुळे मुंबईच्या रस्त्यांवर दिसणाऱ्या जुन्या अमेरिकन गाड्या बहुतेक त्याआधीच्या पिढीतील आहेत. पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी करण्याचे नियम भारतात जुलै २०२१ मध्ये लागू झाले. अशा वाहनाच्या सांगाड्यात, कवचात व एंजिनात मोठा बदल केलेला नसावा, अशी त्यात अट आहे. नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून वाहन प्रदर्शन, फेरी, तांत्रिक अभ्यास, इंधन भरणे व देखभाल एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. नित्याच्या किंवा व्यावसायिक वापरास परवानगी नाही.